देणाऱ्याचा हात, मालकाची वस्तू

रमजानच्या संध्याकाळी सहा-सव्वासहाच्या सुमारास गंगापूर रोडवर एक वेगळीच घाई असते. अशोक स्तंभाकडून आनंदवल्लीकडे निघालेल्या या रस्त्यावर किराणा आहे, बेकरी आहे, फळांची दुकाने आहेत, कापडाची आहेत. मालक एका धर्माचा, काउंटरवरचा मुलगा दुसऱ्या, गिऱ्हाईक तिसऱ्या, असे इथे रोज घडते आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. यंदा तर रमजान द्राक्षांच्या हंगामात आला आहे, त्यामुळे इफ्तारच्या ताटात खजुराच्या शेजारी नाशिकची द्राक्षे ठरलेली.

अशा वेळी ओळखीचे गिऱ्हाईक दुकानात येते. एक किलो खजूर मागते. काउंटरवरचा मुलगा सव्वा किलो भरतो आणि बिल मात्र एक किलोचेच करतो. बेकरीतला पोऱ्या पावाच्या पुड्यात दोन-चार नानकटाया बिनहिशेबी टाकतो आणि हसतो. त्यात त्याचा काही स्वार्थ नसतो. आपुलकी असते, रोजेदाराला खाऊ घातल्याचे पुण्य, म्हणजे सवाब, मिळेल अशी भावना असते. घेणाराही खूश होतो. मालक त्या वेळी गल्ल्यावर नसतो, किंवा असला तरी फोनवर असतो. या छोट्याशा व्यवहाराला चोरी म्हणायला कोणाचीच जीभ रेटत नाही. मग त्याला म्हणायचे तरी काय?

हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर स्वतःच्या धंद्यात आणि स्वतःच्या घरात सोडवत नेला, ते गृहस्थ स्वतः दुकानदार होते. त्यांचे नाव नोमान बिन साबित. जग त्यांना इमाम अबू हनीफा (रह.) म्हणून ओळखते. भारत, पाकिस्तान, तुर्कस्तान, मध्य आशिया इथले बहुसंख्य सुन्नी मुसलमान नमाज, रोजा, लग्न, वारसा, खरेदी-विक्री या बाबतीत त्यांच्याच विचारपद्धतीने चालतात. नाशिक-मालेगावच्या बहुतेक मशिदींतही हनफी पद्धत आहे. कोकणात गेले की शाफई पद्धत सुरू होते. इतक्या मोठ्या विद्वानाचे पोट मात्र विद्येवर चालत नव्हते. ते कापड विकत.

हिजरी सन ८०, म्हणजे इसवी सन ६९९ च्या सुमारास इराकमधल्या कुफा शहरात त्यांचा जन्म झाला. आजोबा काबूलकडचे असल्याचे एक परंपरा सांगते. वडील साबित कापडाचे व्यापारी. कुफा हे फुरात नदीकाठी वसलेले लष्करी छावणीचे गाव, पुढे बाजारपेठ झालेले. तिथे रेशीम आणि लोकर मिसळून विणलेल्या ‘खज’ नावाच्या किमती कापडाचा साबित यांचा व्यापार होता. आपल्याकडे येवल्याच्या पेठेत पैठणी पाहायला बसतात तसे ते कापड उलगडून, पोत बोटांनी चाचपून, धाग्याधाग्याचा दोष पाहून घेतले जाई. कापडातला दोष विकणाऱ्याला दिसतो, घेणाऱ्याला बहुधा दिसत नाही. नोमान लहानपणापासून हे पाहत वाढले.

तरुणपणी ते बाजारातच रमले होते. शाबी नावाच्या जाणत्या विद्वानांनी या हुशार पोराला हेरले आणि विद्वानांच्या बैठकीत येऊन बसायला सांगितले. पुढे हम्माद नावाच्या गुरूंकडे ते अठरा वर्षे शिकले. इसवी सन ७३८ मध्ये गुरू वारले, तेव्हा शिष्यांनी त्यांना गुरूंच्या जागी बसवले. वय चाळिशीचे. तरीही दुकान बंद झाले नाही. भागीदार आणि नोकर यांच्या हातून व्यापार चालत राहिला आणि नफा वर्षभर साठत राहिला. त्या पैशातून ते विद्यार्थ्यांचे आणि विद्वानांचे धान्य-कपडे भरत. घरासाठी जेवढा खर्च करत, तेवढाच त्यांच्यासाठीही काढून ठेवत, आणि देताना आभार आपले नव्हे, अल्लाहचे माना, असे बजावत.

अबू युसूफ हा त्यांचा सर्वात नावाजलेला शिष्य अत्यंत गरीब घरचा. आई त्याला दर्सातून ओढून नेई आणि धोब्याच्या हाताखाली कामाला लावू पाही. इमामांनी त्या माउलीला समजावले की हा मुलगा इथे पिस्त्याच्या तेलातला फालूदा खायला शिकतो आहे. बाईंना ती थट्टाच वाटली. घरखर्च इमामांनी उचलला आणि मुलगा शिकत राहिला. पुढे तोच अबू युसूफ खलिफा हारून अल-रशीदचा मुख्य काझी झाला आणि एके दिवशी शाही दस्तरखानावर खरोखरच तो पदार्थ त्याच्यापुढे आला, असे सांगतात. रमजानमध्ये फालूद्याच्या ग्लासापाशी बसणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर आठवावी.

इमामांच्या चरित्रांत अशा गोष्टी पुष्कळ आहेत. बरीच चरित्रे त्यांच्यानंतर शतकांनी लिहिली गेली. आकडे एका ग्रंथातून दुसऱ्यात जाताना बदलतात आणि भक्तांची अतिशयोक्तीही त्यांत मिसळली आहे. पण त्यांच्या दुकानाच्या हकिकती वेगळ्या ठरतात. अकराव्या शतकातले इतिहासकार खतीब बगदादी स्वतः हनफी नव्हते. त्यांनी इमामांवरची कडक टीकाही आपल्या ग्रंथात सविस्तर नोंदवली आहे. त्याच ग्रंथात इमामांच्या व्यापारातल्या सचोटीच्या नोंदीही आहेत.

त्यांतली सर्वात प्रसिद्ध हकिकत भागीदाराची आहे. हफ्स बिन अब्दुर्रहमान हे त्यांचे भागीदार. इमामांनी त्यांच्याकडे माल पाठवला आणि अमुक एका ठाणात दोष आहे, विकताना तो दाखवून विका, असे सांगितले. हफ्स विसरले. माल विकला गेला, पैसे आले, आणि दोष असलेले ठाण कोणी नेले हे काही आठवेना. गिऱ्हाईक सापडत नव्हते, म्हणजे फरक परत करायचा मार्ग नव्हता. इमामांनी त्या सगळ्या मालाचे पैसे दान करून टाकले. काही चरित्रांत ही रक्कम ३० हजार दिरहम दिली आहे. त्या एका ठाणाची किंमत वेगळी काढून तेवढीच दान करता आली असती. धंद्याच्या हिशेबाने तेच योग्य ठरले असते. पण दोषी पैसा बाकीच्या पैशात मिसळला होता आणि त्यांना त्यातला एकही दिरहम घरात नको होता.

दुसरी हकिकत नोकराची आहे. इमाम दुकानात नसताना मदिनेचा एक माणूस कापड घ्यायला आला. नोकराने चारशे दिरहमचे वस्त्र त्याला हजाराला विकले. गिऱ्हाईक परगावचे, भाव माहीत नाही. नोकराला वाटले, मालक शाबासकी देतील. इमामांना कळले तेव्हा ते रागावले, आणि चरित्रकार सांगतात की ते स्वतः मदिनेला गेले. मशिदीत तो माणूस तेच वस्त्र अंगावर घेऊन नमाज पढताना दिसला. त्याला सहाशे दिरहम परत दिले. कुफा ते मदिना हा वाळवंटातला कित्येक दिवसांचा प्रवास. नोकराने आपल्या फायद्यासाठी केलेली गोष्टही आपली म्हणून ठेवून घेता येत नाही, हे त्यांनी पायपीट करून मान्य केले.

या दोन्ही हकिकतींत देणे-घेणे मालकाच्या नजरेआड, दुसऱ्याच्या हातून झाले होते. काउंटरवरच्या सव्वा किलो खजुराचेही तसेच आहे. फक्त दिशा उलटी. तिथे नोकराच्या हातून मालकाकडे जास्त आले, इथे नोकराच्या हातून मालकाचे कमी झाले.

मालक स्वतः देत असेल तर गोष्ट अगदीच वेगळी. एकदा एक म्हातारी इमामांच्या दुकानात आली आणि गरीब आहे, खरेदीच्या भावात एक वस्त्र द्या म्हणाली. त्यांनी चार दिरहम मागितले. इतक्या किमती वस्त्राला चार दिरहम ऐकून म्हातारीला वाटले, आपली चेष्टा चालली आहे. मग त्यांनी हिशेब समजावून सांगितला. दोन वस्त्रे एकदम घेतली होती, एक विकले तेव्हा दोन्हींच्या खरेदीतले चार दिरहम सोडून बाकी सगळे वसूल झाले, म्हणून हे चारला पडते. मालकाला वाटेल तेवढी सूट देता येते. तरी सूट कुठून आली हे त्यांनी गिऱ्हाइकापासून लपवले नाही.

याच्या उलटही घडले. एक बाई रेशमी वस्त्र विकायला आली आणि शंभर दिरहम मागितले. इमाम म्हणाले, याची किंमत जास्त आहे. तिने शंभर-शंभरने वाढवत चारशेपर्यंत नेले, तरी त्यांचे तेच. शेवटी जाणकाराला बोलावून किंमत ठरवली आणि पाचशेला ते विकत घेतले. समोरच्याला भाव माहीत नाही, त्याचा फायदा घ्यायचा नाही, मग आपण विकणारे असू की घेणारे.

पण मग नोकराला काहीच द्यायचा अधिकार नाही का? भाजीवाल्याच्या हाताखालचा पोरगा कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकतो, तेही पाप? इमामांच्या परंपरेतल्या फकीहांनी, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांनी, यावर अतिशय व्यवहारी उत्तर दिले आहे. बाराव्या शतकात मर्गिनानी यांनी लिहिलेला ‘हिदाया’ हा हनफी कायद्याचा प्रमाणग्रंथ. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात त्याचे इंग्रजी भाषांतर हाती घेतले गेले, १७९१ मध्ये ते छापले गेले, आणि पुढे ब्रिटिश अमदानीतल्या कोर्टांत त्याचा आधार घेतला जाई. त्या जुन्या काळी दुकाने बऱ्याचदा गुलाम चालवत. मालकाने व्यापाराची परवानगी दिलेल्या अशा गुलामाला ‘माजून’ म्हणत. माजून कोणाला काही फुकट देऊ शकतो का, असा प्रश्न तिथे येतो. उत्तर असे की थोडेसे खाण्याचे देऊ शकतो, गिऱ्हाइकाला खाऊ-पिऊ घालू शकतो. कारण त्याशिवाय गिऱ्हाईक टिकत नाही, तो व्यापाराचाच भाग आहे. पण कपडा किंवा पैसे देऊ शकत नाही.

म्हणजे चार काड्या कोथिंबीर, चवीला दिलेले एक द्राक्ष, बाळाच्या हातावर ठेवलेले बिस्किट यांना मोकळीक आहे. मालकाला ते माहीत असते, बाजाराची ती रीतच असते. बिलातून गाळलेला पाव किलो खजूर त्यात बसत नाही, कारण तो मालकाला कळू नये अशाच बेताने दिलेला असतो. ओळख पटवण्याची साधी खूण हीच: मालक समोर उभा असता तर त्या मुलाने हीच गोष्ट, याच हसण्याने, केली असती का?

आणि हे केवळ परलोकाच्या हिशेबाचे प्रकरण नाही. महिनाअखेरीस माल मोजला की तूट निघते. ती कधी त्याच मुलाच्या पगारातून कापली जाते, कधी शेजारच्या काउंटरवरच्या मुलाच्या, ज्याने काहीच केलेले नसते. नोकरी जाते ती देणाऱ्याची, घेणाऱ्याचे काही जात नाही. शिवाय आपल्यासारख्या मिश्र वस्तीच्या गावात संशय एका मुलावर थांबत नाही. तो त्याच्या आडनावावर जातो, मोहल्ल्यावर जातो, आणि पुढच्या वेळी काम मागायला आलेल्या दुसऱ्या मुलाला दारातूनच परत पाठवतो. पाव किलो खजूर इतका महाग पडू शकतो. दिवसभर हक्काच्या पाण्याचा घोटही न घेणाऱ्या रोजेदाराने संध्याकाळी दुसऱ्याच्या हक्काच्या खजुराने रोजा सोडावा, यातली विसंगती तर वेगळी सांगायला नको.

इमाम अबू हनीफा स्वतः घेताना किती जपत, याच्या गोष्टी ऐकून आजचा माणूस थक्क होतो. कुफ्यात एकदा चोरीची एक बकरी गावच्या बकऱ्यांत मिसळली. बकरी साधारण किती वर्षे जगते, अशी त्यांनी चौकशी केली. सात वर्षे, असे उत्तर मिळाले. सात वर्षे त्यांनी बकरीचे मांस खाल्ले नाही. एकदा ते उन्हात उभे दिसले, शेजारी भिंतीची सावली असताना. त्या घराचा मालक त्यांचा कर्जदार होता. कर्जदाराच्या भिंतीची सावली घेणे म्हणजे दिलेल्या कर्जावर काहीतरी लाभ उकळणे, असे त्यांना वाटले. हे सगळ्यांना जमणारे नाही आणि त्यांनी ते सगळ्यांवर लादलेही नाही. दुसऱ्यांना फतवा देताना ते सोपा मार्ग शोधत. कठीण मार्ग स्वतःपुरता ठेवत.

त्यांच्या आयुष्यातली खरी परीक्षा मात्र दुकानाबाहेर झाली. उमय्या घराण्याच्या अखेरच्या दिवसांत इराकचा सुभेदार इब्न हुबैरा याने त्यांना सरकारी पद देऊ केले. ज्या सत्तेचे निर्णय आपल्याला मान्य नाहीत तिच्या कागदांवर मोहर उठवायची, हे त्यांना नको होते. त्यांनी नकार दिला. रोज दहा याप्रमाणे ११० फटके मारल्याची नोंद आहे. माराहून आईचे दुःख आपल्याला जड गेले, असे ते नंतर सांगत. सुटका झाल्यावर ते मक्केला निघून गेले आणि सत्तापालट झाल्यावर कुफ्याला परतले.

नवे अब्बासी राज्य आले, पण प्रश्न तोच राहिला. खलिफा मन्सूर याने ७६२ मध्ये बगदाद वसवायला घेतले आणि इमामांना काझीपद देऊ केले. पुन्हा नकार. आपल्या हाताखाली त्यांना काही तरी काम करायला लावीनच, अशी मन्सूरने शपथ घेतली होती आणि ती पुरी व्हावी म्हणून इमामांनी बांधकामावरच्या विटा मोजल्या, असेही एक परंपरा सांगते. वेताची काठी घेऊन ढिगांच्या मापावरून विटांचा हिशेब करणारा हा साठी ओलांडलेला विद्वान डोळ्यांसमोर आणला की हसूही येते आणि मान खालीही जाते.

मन्सूर त्यांना नजराणे पाठवी आणि इमाम ते घेत नसत. का घेत नाही, असे खलिफाने एकदा थेट विचारले. त्यावर इमामांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा होता की खलिफाने स्वतःच्या मिळकतीतून काही दिले असते तर ते परत केले नसते. पण हे पैसे बैतुल मालचे, म्हणजे लोकांच्या खजिन्याचे आहेत. त्यात सैनिकाचा हक्क आहे, सैनिकाच्या मुलाबाळांचा आहे, गरिबाचा आहे. आपण यांपैकी कोणीच नाही, मग आपण कोणत्या हक्काने घ्यायचे?

इथे कुफ्याच्या कापड दुकानातला आणि बगदादच्या महालातला हिशेब एक होतो. खलिफा कितीही मोठा असला तरी इमामांच्या नजरेत तो खजिन्याच्या काउंटरवर उभा होता. गल्ला त्याच्या हातात होता, पण माल त्याचा नव्हता. नोकराने मालकाच्या मालातून केलेली उदारता जशी घेता येत नाही, तशी राजाने प्रजेच्या मालातून केलेलीही नाही. फरक एवढाच की पोऱ्याला नाही म्हटले तर तो थोडा हिरमुसतो, खलिफाला नाही म्हटले तर तुरुंग मिळतो.

तुरुंग मिळाला. काझीपदाच्या नकारावरून मन्सूरने त्यांना कैदेत टाकले आणि हिजरी सन १५०, इसवी सन ७६७ मध्ये बगदादमध्येच त्यांचा अंत झाला. कैदेत विष दिले गेले, असे काही चरित्रकार म्हणतात. जनाजाला इतकी गर्दी झाली की नमाज अनेक वेळा पढावी लागली. आपल्याला खैजुरान कब्रस्तानातच पुरावे, असे त्यांनी सांगून ठेवले होते. बाकीची जमीन सत्तेने लोकांकडून बळकावलेली आहे, अशी त्यांची धारणा होती. शेवटच्या साडेतीन हात जागेचाही त्यांनी मालक कोण ते पाहिले. बगदादचा तो भाग आज त्यांच्याच इमामे आजम या उपाधीवरून आजमिया म्हणून ओळखला जातो.

एक थैली मात्र मागे राहिली होती. मन्सूरने एकदा त्यांना दहा हजार दिरहम देण्याचा हुकूम केला होता. पैसे येणार त्या दिवशी इमामांनी पहाटेची नमाज पढली, अंगावर चादर ओढून घेतली आणि कोणाशीही बोलले नाहीत. सेनापती हसन बिन कहतबाचा माणूस थैली घेऊन आला. आज ते बोलत नाहीत, असे घरच्यांनी सांगितले. तो थैली घराच्या कोपऱ्यात ठेवून निघून गेला. ती तशीच पडून राहिली. मरण्यापूर्वी त्यांनी मुलाला सांगून ठेवले होते. मुलाचे नावही गुरूंच्याच नावासारखे, हम्माद. दफन उरकल्यावर हम्मादने ती थैली उचलली, हसनकडे नेली आणि वडिलांजवळ ठेवलेली तुमची अमानत म्हणून त्याच्या स्वाधीन केली. हसनने ती घेतली, इमामांसाठी अल्लाहची दया मागितली, आणि आपल्या दीनच्या बाबतीत हा माणूस भलताच कंजूष होता, असे म्हणाला.